अंगणातील मातीचे अन्न
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत इंदूर येथे वसतिगृहाच्या सभागृहात झालेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी तीन विद्वान वक्ते होऊन गेले. एकांनी होळकरशाहीतील शिक्षणावर, दुसऱ्यांनी माळव्यातील मराठी रंगभूमीवर आणि तिसऱ्यांनी उपनिषदांवर आपले विचार मांडले. चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘खत’ एवढेच उत्तर दिले. त्यांचा नातू शेजारी बसला होता. इंदुरात वाढलेले मूल ते. त्याला खत म्हणजे चिठ्ठी एवढेच ठाऊक. ‘आजोबा, हे काका कोणाची चिठ्ठी वाचून दाखवणार?’ असे त्याने विचारले. मी शेणखताबद्दल बोलणार आहे हे कळल्यावर त्याचा उत्साह साफ मावळला. आपला मावळू नये म्हणून मी प्रारंभीच सांगून टाकतो की मी आज येथे विद्वान म्हणून उभा नाही, अपराधी म्हणून उभा आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, २००९ साली या वसतिगृहाच्या दक्षिणेकडील भिंतीलगत आपण गुलाबाची बावीस झाडे लावली होती. एकेका कुटुंबाने आपल्या दिवंगत माणसाच्या स्मरणार्थ एकेक झाड दिले होते. बागेची जबाबदारी मजकडे आली, कारण निवृत्त झाल्यापासून मी घरी कुंड्यांशी खेळत असे आणि त्याचे वर्णन चारचौघांत अंमळ अधिकच करीत असे. मी पुस्तके चाळली. गुलाबाला हाडाचा चुरा घालावा, लाकडाची राख घालावी, पेंड घालावी, असे त्यांत स्पष्ट लिहिलेले होते. मी ते सगळे घातले, आणि स्मरणाची झाडे म्हणून दुप्पट घातले.

डिसेंबरात नवी पालवी आली ती फिकट आली. पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कोणी हिरव्या दोऱ्याने जाळी विणली आहे. मला वाटले, झाडे भुकेली आहेत. म्हणून संक्रांतीनंतर पुन्हा राख, पुन्हा पेंड, आणि कूपनलिकेचे भरपूर पाणी. होळीपर्यंत शेंडे वाळू लागले. मे महिन्याअखेर बावीसपैकी चौदा झाडे गेली होती.

त्यांतील एक झाड एका आजींनी आपल्या मुलाच्या नावाने लावलेले होते. त्या रोज सकाळी देवळातून परतताना येथे येत. झाड वाळले तरी येत राहिल्या. मी तोंड चुकवून कार्यालयात बसे आणि खिडकीतून पाहत असे. त्या तांब्यातले पाणी त्या सुक्या खुंटावर ओतीत आणि निघून जात. त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

मग मी जे आधी करावयास हवे होते ते केले. माती तपासून घेतली. तपासणाऱ्या तरुण गृहस्थांनी चिठ्ठी माझ्या हाती दिली. नातवाची चिठ्ठी येथे आली पाहा! मातीचा सामू ८.४ होता आणि चुना भरपूर. त्यांनी मला विचारले, ‘आपण हिच्यात काय घातलेत?’ मी यादी सांगितली. ते हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. ‘काका,’ ते म्हणाले, ‘पुस्तकात लिहिलेले खोटे नाही. फक्त ते या मातीसाठी लिहिलेले नाही.’

त्या एका वाक्याचा अर्थ नीट उमगण्यास मला दोन वर्षे लागली. आज तो आपणांस अर्ध्या तासात सांगतो.

आपली माळव्याची काळी माती चिकण आहे. तिच्यात चिकणमातीचा अंश बहुधा निम्म्याहून अधिक असतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि तिच्यातली हवेची वाट बंद होते. तिच्यात चुन्याचे खडे असतात. पोटॅश बऱ्यापैकी असते. लोखंडही असते, परंतु सामू आठाच्या वर गेला की ते मातीत असूनही मुळांना मिळत नाही. पेटीत पैसे आहेत आणि किल्ली हरवली आहे, अशी ती अवस्था. पान पिवळे आणि शिरा हिरव्या हे त्याच उपासमारीचे लक्षण, आणि ते नव्या पालवीवर आधी दिसते. जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर मात्र दुखणे वेगळे. तेथे बहुधा नत्राची भूक असते. एवढा एक भेद मला तेव्हा ठाऊक असता तर चौदा झाडे वाचली असती.

आता माझा प्रताप पाहा. राख स्वभावाने खारवट. तिने सामू आणखी वर ढकलला. हाडाच्या चुऱ्यात स्फुरद विपुल असते, वाफवलेल्या चुऱ्यात पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत; पण ते विरघळण्यास माती आम्ल असावी लागते. चुन्याच्या मातीत तो चुरा वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. कूपनलिकेचे पाणी जड, म्हणजे पुन्हा चुनाच. आणि अतिपाण्याने मुळांचा श्वास कोंडला. मी झाडांना जेवू घालीत नव्हतो, त्यांचा गळा आवळीत होतो.

हेच पदार्थ दुसरीकडे अमृत ठरतात. माझी कन्या गोव्यात फोंड्याला असते. तिच्या अंगणातली जांभ्याची तांबडी माती आम्ल आहे. तेथे पावसाने चुना धुऊन जातो. तिने चुलीतली राख घातली, हाडाचा चुरा घातला, आणि तिची जास्वंद अशी फोफावली की तिने मला छायाचित्र पाठवून विचारले, ‘बाबा, तुमचे गुलाब कसे आहेत?’ तिकडे माडाला सुक्या मासळीचे खत घालण्याची चाल आहे तीही त्या भूमीला धरूनच आहे. बेळगावकर पाहुणे आज सभेत आहेत, त्यांच्याकडे तर जिल्ह्याच्या पश्चिमेस तांबडी माती आणि पूर्वेस काळी. म्हणून शेजाऱ्याला विचारून खत घालावे, पण तो शेजारी कोणत्या मातीवर राहतो हे आधी विचारावे.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. वाळलेल्या मातीच्या चिमटीवर जरा कडक शिरका टाका. बुडबुडे उठले तर चुना आहे असे समजावे, आणि राखेचा डबा व हाडाच्या चुऱ्याची पिशवी दुसऱ्या कोणास देऊन टाकावी. बुडबुडे उठले नाहीत तरी मातीची रीतसर तपासणी एकदा करून घ्यावीच.

मग अशा मातीला द्यावे तरी काय? याचे उत्तर शोधीत मी पुण्या-मुंबईची पुस्तके मागवीत होतो, आणि ते उत्तर आपल्याच गावात, आपल्याच काळ्या मातीवर तयार झालेले होते! ही लाजेची गोष्ट मी मुद्दाम सांगतो.

१९२४ साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ नावाची संस्था स्थापन झाली. होळकर दरबाराने जमीन दिली. मध्य हिंदुस्थानातील संस्थानिकांनी व कापूस समितीने खर्चाला हातभार लावला. पुढे तेथेच कृषी महाविद्यालय झाले. तिचे पहिले संचालक आल्बर्ट हॉवर्ड. पत्नी गॅब्रिएल याही नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. हॉवर्डसाहेबांची एक गोष्ट मला फार आवडते. हिंदुस्थानातील शेतकरी आणि पिकांवरील किडी हे आपले प्राध्यापक आहेत असे ते म्हणत. चीनमधील शेतकरी शेकडो वर्षे जमिनीचा कस टिकवून आहेत, हे अमेरिकन प्राध्यापक किंग यांच्या १९११ सालच्या ग्रंथातून त्यांनी वाचले होते. त्या जुन्या शहाणपणाला शास्त्राची शिस्त लावून इंदुरात त्यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली तिला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदुरास आले तेव्हा ते मुद्दाम ही संस्था पाहण्यास गेले होते.

पण १९३१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने या पद्धतीचा जो मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला, ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर’, त्यावर लेखकांची नावे दोन आहेत. एक आल्बर्ट हॉवर्ड आणि दुसरे यशवंत वाड. वाड हे संस्थेत रसायनशास्त्राचे प्रमुख साहाय्यक होते. त्याच वर्षी हॉवर्ड विलायतेस परतले, १९३४ साली ‘सर’ झाले, १९४० साली त्यांनी आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला. वाडांनी जॅक्सन यांच्याबरोबर इंदूर शहराच्या कचऱ्याला व मैल्याला हीच पद्धत लावून त्यावर १९३४ साली निबंध प्रसिद्ध केला. आज जगातील सेंद्रिय शेतीच्या कोणत्याही इतिहासात हॉवर्ड सापडतात. वाड सापडतात ते बहुधा तळटीपेत. मराठी मंडळींच्या इंदुरातील या सभागृहात तरी ते नाव मोठ्याने उच्चारले जावे, अशी माझी इच्छा होती. ती मी पुरी करून घेतली. असो.

पद्धत काय आहे? सुका पाला, काड्या, धसकटे, हिरवा पाला, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी लाकडाची राख. गोठ्याच्या जमिनीत मूत्र मुरते ते वाया जाऊ नये म्हणून ती माती तीन-चार महिन्यांनी खणून काढावयाची आणि नवी पसरावयाची, ही त्यांतली अगदी खुबीची गोष्ट. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोनच फूट खोल असा खड्डा. दोनच फूट का? तर त्याखाली हवा पोचत नाही, आणि हवा नसेल तर कुजणे न होता सडणे होते. नाकाला या दोहोंतला भेद लगेच कळतो. मग तीन महिन्यांत तीनदा उलथापालथ: पहिली पंधरवड्याने, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. ढीग आतून असा तापतो की हात ठेववत नाही. त्या उष्णतेने तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. तीन महिन्यांनी जो काळा, भुसभुशीत पदार्थ हाती येतो त्याला पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास असतो.

याचे मर्म एका प्रमाणात आहे. सुक्या पाल्यात कर्ब फार, नत्र थोडे. शेणात, हिरव्या पाल्यात, पेंडीत नत्र अधिक. आपल्या इंदुरी भाषेत सांगावयाचे तर सुका पाला ही बाटी आणि शेण ही दाल. नुसत्या बाट्या घशाखाली उतरत नाहीत आणि नुसत्या दालीने पोट भरत नाही. मातीतले सूक्ष्म जीव हे जेवणारे. प्रारंभी कर्ब तेहतीस भाग आणि नत्र एक भाग असे मिश्रण त्यांनी योग्य मानले. खत पिकले की ते प्रमाण दहास एकवर येते. न कुजलेला पाला किंवा लाकडाचा भुसा थेट आळ्यात मिसळला तर हे जेवणारे झाडाच्या ताटातले नत्र उचलतात आणि झाड उपाशी राहते. पुष्कळ घरांत हीच चूक होते. भुसा मातीत मिसळू नये. मातीवर आच्छादन म्हणून पसरला तर चालतो.

असे पिकलेले कंपोस्ट काळ्या मातीत काय करते? ते चिकण कणांचे दाणे बांधते, हवेला वाट करते, पावसाचा निचरा सुधारते. आणि कुजण्यातून निघणारी सौम्य आम्ले लोखंडाला धरून मुळांच्या आवाक्यात आणतात. म्हणजे हरवलेली किल्ली सापडते. त्यात नत्र किती टक्के, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असते. आकडे पाहून कोणी त्याला नाक मुरडील, पण पाच किलो शेणखत म्हणजे पंचवीस ग्रॅम नत्र, आणि ते झाडाला सावकाश, वर्षभर मिळते.

शेणखत मात्र जुने हवे. ताजे शेण आळ्यात टाकणे म्हणजे वाळवीला आणि हुमणीला आमंत्रण. मूठभर खत हातात घेऊन पाहावे: शेणाचा वास येतो का, काडी ओळखू येते का, आत ऊब आहे का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर ते आणखी दोन महिने झाकून ठेवावे. आणखी भरवशाची परीक्षा मेथीची. वाटीभर खतात तेवढीच माती मिसळून मेथीचे वीस दाणे पेरावेत. आठवड्यात हिरवीगार उगवण झाली तर खत पिकले. दाणे कुजले किंवा पाने करपली तर नाही. या परीक्षेचा दुसरा लाभ असा की उरलेल्या मेथीची भाजी होते.

गांडूळखताची सध्या चलती आहे, आणि ते खत चांगले आहेच. कुंड्यांना तर मी तेच देतो. पण त्यात ढीग तापत नाही, म्हणून तणाचे बी जिवंत राहते. आणि विकतच्या पिशवीत निम्मी माती मिळाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. पेलाभर पाण्यात मूठभर खत ढवळावे. वाळू लगेच तळाशी बसते आणि विक्रेत्याचा प्रामाणिकपणाही तेथेच दिसतो.

पेंडी या खतांतल्या मिठाया. शेंगदाण्याच्या पेंडीत सात टक्क्यांहून अधिक नत्र, निंबोळी पेंडीत पाचाच्या आसपास, एरंडीच्या पेंडीत चाराच्या वर. गुलाबाच्या एका झाडाला शंभर ग्रॅम निंबोळी पेंड, तीही खोडापासून वीतभर दूर मातीत मिसळून, ऑक्टोबरातल्या छाटणीनंतर एकदा आणि जानेवारीत एकदा. याहून अधिक दिली तर ती मातीत तापते आणि बारीक मुळे भाजतात. शेंगदाण्याची पेंड उंदीर-घुशी उकरतात. आणि एरंडीच्या पेंडीबद्दल एक सूचना गंभीरपणे करतो. तिच्यात जहाल विष असते. ज्यांच्या घरी कुत्रे किंवा वासरू आहे त्यांनी ती घरात आणूच नये. हाडाच्या चुऱ्यात मिसळून तर नाहीच नाही, कारण त्या वासाने कुत्रे ती हमखास खाते.

कोंबडीखत भाजीला जोरदार लागू पडते, पण वर्षभर कुजवल्याशिवाय वापरू नये. बकरीच्या लेंड्या शेणाहून सकस. फोडून, कुजवून घालाव्यात.

जीवामृताबद्दल मला नेहमी विचारतात. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. त्याच्या भक्तांना दुखवावे असे मला वाटत नाही. मीही ते वापरतो. पण हिशेब केला तर एका लिटरमागे नत्र एक ग्रॅमच्या आसपास भरते. ते विरजण आहे. विरजणाने दही लागते, परंतु पातेल्यात दूध आधी असावे लागते. ज्या मातीत पाला-कंपोस्ट मुळीच नाही तिच्यात नुसते विरजण ओतून काय होणार?

आता उरलेल्या आठ झाडांचे काय झाले ते सांगतो. त्यांची राख बंद केली, पाणी निम्म्यावर आणले, पावसात गच्चीवरचे पाणी साठवून तेच दिले. आळ्यातली वरची माती काढून प्रत्येकी दोन घमेली जुने कंपोस्ट मिसळले आणि वर सुक्या पाल्याचे आच्छादन केले. तातडीचा उपाय म्हणून हिराकस, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम आणि त्यात थोडा लिंबाचा रस, संध्याकाळच्या वेळी पानांवर दोनदा फवारली. काही सेंद्रियवादी मित्र माझ्यावर रागावले. हिराकस हे रसायन आहे हे मला मान्य आहे. पण रोगी अत्यवस्थ असताना वैद्याने पंथ पाहू नये असे माझे मत आहे. पुढच्या वर्षीपासून तिची गरज लागली नाही. कंपोस्टनेच काम भागले. आठांपैकी सात झाडे आजही आहेत.

त्या आजींच्या झाडाचेही सांगावयास हवे. कलम मेले होते, पण श्रावणात जमिनीलगत एक धुमारा फुटला. तो खालच्या देशी खुंटाचा होता, वरच्या गुलाबाचा नव्हे. अशा धुमाऱ्याला माळी कापून टाकतात. मी कात्री घेऊन गेलो तेव्हा आजी तेथेच होत्या. मी त्यांना सगळा प्रकार समजावून सांगितला, माझी चूकही सांगितली. त्या म्हणाल्या, ‘तो आला आहे ना? मग राहू दे.’ तो राहिला आहे. त्याला वसंतात फिकट गुलाबी, लहान, अतिशय सुवासिक फुले येतात. आजी २०१७ साली गेल्या. आता त्यांची नात येते.

हे सर्व आजच सांगण्याचे कारण आहे. महोत्सवाच्या निधीतून बागेसाठी काही रक्कम बाजूला काढण्याचे विश्वस्तांनी ठरविले आहे, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. परंतु त्या ठरावात तयार खताच्या पिशव्या आणि हाडाचा चुरा यांची खरेदी सुचविलेली आहे, आणि बागेची जागा वाढवून पंचवीस नवी स्मृतिझाडे लावावयाची आहेत. पंचवीस कुटुंबे पुन्हा आपल्यावर विश्वास टाकणार आहेत. दुसरीकडे दर फाल्गुनात आपल्या आवारातील पिंपळ, कडुनिंब आणि बदाम यांचा पाला झाडून आपण त्याला काडी लावतो. भोजनगृहातील भाजीची देठे-साले महापालिकेच्या गाडीत जातात. ती वाया जात नाहीत हे खरे. देवगुराडियाला २०२२ साली रोज साडेपाचशे टन ओला कचरा घेणारा वायूचा कारखाना सुरू झाला, आणि आपले शहर स्वच्छतेत पहिले येते याचा मला इतरांइतकाच अभिमान आहे. पण दारातले अन्न गाडीत घालून द्यावयाचे आणि दुकानातून पिशवी आणावयाची, हा व्यवहार मला उमगत नाही.

माझी सूचना अशी. आपल्या काळ्या मातीत खड्डा खणला तर श्रावणात त्याची विहीर होते; हॉवर्ड-वाड यांनीही पावसाळ्यात ढीग जमिनीच्या वरच रचले होते. शिवाय आपल्याकडे गाय नाही, उलथापालथ करण्यास माणसे नाहीत. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी बसवलेली नाडेप पद्धत आपल्याला सोयीची. जमिनीवर दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतीत हवेसाठी भोके. त्यात पाल्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर चाळलेल्या मातीचा थर. असे थर एक-दोन दिवसांत रचून वरून शेणमातीने लिंपून घ्यावयाचे. चौदा-पंधराशे किलो पाल्याला शेण लागते ते केवळ नव्वद-शंभर किलो. ढवळणे नाही. ओल राखली आणि लिंपणाच्या भेगा बुजवल्या की एकशे दहा ते एकशे वीस दिवसांत खत तयार होते. फाल्गुन-चैत्रात भरले तर आषाढात हाती येईल, आणि नवी झाडे आपण पावसाळ्यातच लावणार आहोत. शेण गोशाळेतून मिळेल. मी बोलून ठेवले आहे.

टाक्यास आमच्या घरची उरलेली वीट देतो. वसतिगृहातील दहा विद्यार्थ्यांनी दोन दिवस देण्याचे कबूल केले आहे. त्यांतील दोघे कृषी महाविद्यालयाचेच आहेत, तेव्हा या म्हाताऱ्याच्या चुका तेथल्या तेथे दुरुस्त होतील. पहिले टाके झाले की त्याच्या भिंतीवर यशवंत वाड यांचे नाव लिहावे, एवढी विनंती विश्वस्तांनी मान्य करावी. संगमरवर नको, चुन्याने लिहिले तरी चालेल. चुना आपल्याकडे मातीत भरपूर आहे.

खत चाळून झाल्यावर ज्या कुटुंबांना घरच्या तुळशीसाठी, मोगऱ्यासाठी ते हवे असेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. पिशवी घरून आणावी.